लायसन्स आलं, कॉलसाईन मिळाला, आता पुण्यात बोलायचं कुणाशी?

माझं हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी रेडिओचं, लायसन्स आलं तेव्हा पहिले तीन आठवडे मी रोज संध्याकाळी कोथरूडच्या गॅलरीत उभा राहून हॅंडीवर, म्हणजे हातातल्या छोट्या रेडिओवर, कॉल मारायचो, कॉलसाईन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळालेलं रेडिओवरचं नाव, म्हणायचो, थांबायचो, परत म्हणायचो, आणि पलीकडून नुसती खरखर. बायको म्हणायची कुणी नाहीये तिकडे, कशाला स्वतःशीच बोलतोस. मला वाटायला लागलं की रेडिओ बिघडलाय, मग वाटलं अँटेना बिघडलीय, मग वाटलं पैसे पाण्यात गेले. आणि मग एका रविवारी सकाळी एकदम एक आवाज आला, म्हणाले, "छान येतोय हो तुमचा आवाज, मी पंधरा दिवस ऐकतोय." पंधरा दिवस! म्हणजे माणूस कानाला रेडिओ लावून चहा पीत बसलाय, मी बोंबलतोय, आणि बटण काही दाबत नाहीये.

नंतर कळलं की ते एकटे नव्हते, अजून चारपाच जण ऐकत होते. सगळे ऐकत होते.

हॅमची संख्या का वाढत नाही यावर खूप चर्चा होते, परीक्षा अवघड, कागदपत्रं फार, रेडिओ महाग, मुलांना मोबाईल पुरतो वगैरे. असेल. पण मी जेवढे व्हीयू३, म्हणजे पहिल्या पायरीच्या लायसन्सवाले, पास होऊन दोन महिन्यांत गायब झालेले पाहिलेत त्यातले बहुतेक याच एका कारणाने गेले, की त्यांनी हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही. म्हणून हा लेख नवीन लायसन्सवाल्यांसाठी आहे, पण फक्त तुमचं स्टेशन कसं लावायचं एवढ्यापुरता नाही, तर आजूबाजूची मंडळी कशी धरून ठेवायची, पुण्याच्या आसपास म्हणजे सासवड, नारायणगाव, सातारा, नगर, बारामतीपर्यंत माणसं कशी जोडायची याबद्दल. मी नवा आहे मी काय कम्युनिटी वाढवणार, असं म्हणू नका. जुन्यांना सवय झालेली असते गप्प बसायची, नव्यालाच बोलायची हौस असते.

आधी एक कायद्याचं, पटकन

लायसन्स हातात नसताना रेडिओ विकत घेऊ नका, स्वस्तात मिळतोय म्हणून तर नाहीच. ऑनलाइन वॉकीटॉकी कशाही विकल्या जात होत्या म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या वेबसाइट्सना नोटिसा काढल्या आणि मग नियमावलीच आणली, तेव्हा "सगळेच घेतात" हे उत्तर आता चालत नाही. परीक्षा आणि लायसन्स केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाचं, अर्ज सरल संचार पोर्टलवर. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, कॉलसाईन व्हीयू३ ने सुरू होतो, जनरलला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स आणि कॉलसाईन व्हीयू२. वयाची अट १२ वर्षं, म्हणजे सातवीतलं पोरगंसुद्धा बसू शकतं. लायसन्स यायला वेळ लागला तर तोवर वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारे रेडिओ, ऐका, नेदरलँड्समधल्या ट्वेंटे युनिव्हर्सिटीचा प्रसिद्ध आहे, ब्राउझरमध्ये उघडतो, फुकट. कान तयार होतो.

पुण्याचा भूगोल समजून घ्या, नाहीतर रेडिओला शिव्या द्याल

व्हीएचएफ, म्हणजे आपला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा दोन मीटर बँड, साधारण नजरेच्या रेषेत जातो. मध्ये डोंगर आला की संपलं. आणि पुण्यात डोंगर कुठेही येतो. कोथरूड आणि औंध नकाशावर शेजारी दिसतात पण मध्ये वेताळ टेकडी बसलीय, हॅंडीवर पाच वॅटने कोथरूडच्या तळमजल्यावरून औंधला बोलायचा प्रयत्न करा म्हणजे कळेल. तेच टेकडीवर चढून गेलात तर दोन्हीकडचे स्वच्छ येतात. सासवड दिवे घाटाच्या पलीकडे, तिथला माणूस कितीही ओरडला तरी हडपसरला ऐकू येणार नाही, पण घाटमाथ्यावर एक जण उभा केला तर तो दोघांचे निरोप इकडून तिकडे देऊ शकतो. सिंहगड १३०० मीटरच्या वर, टीव्हीचा टॉवर तिथे का आहे ते यावरूनच समजतं.

म्हणून पहिल्या महिन्यातच एक काम करा, एक वही घ्या आणि आपण कुठून कुठे पोचतो ते लिहा. गॅलरीतून कोण येतं, गच्चीतून कोण येतं, तळजाईवरून, पर्वतीवरून, कात्रज घाटातून कोण येतं. ही वही नंतर सोन्याची ठरते. आमच्यातल्या एकाने असा तक्ता केला आणि तेव्हा कळलं की सिंहगड रस्त्यावरचे दोघं एकमेकांपासून अर्ध्या किलोमीटरवर राहतात, पण दोघंही रिपीटरवरूनच बोलायचे, कधी सिम्प्लेक्सवर, म्हणजे मध्ये रिपीटर न घेता थेट, प्रयत्नच केला नव्हता.

रिपीटर म्हणजे काय ते नव्यांसाठी दोन ओळीत, उंचावर ठेवलेला रेडिओ, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच वेळी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर फेकतो, दोन मीटरवर दोन्हीत साधारण ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं, आणि बऱ्याचदा एक बारीक टोन सोबत पाठवावा लागतो नाहीतर तो तुमच्याकडे बघतही नाही. नव्या माणसाच्या "मला कुणी ऐकत नाही" या तक्रारीत अर्ध्या वेळा टोन लावलेला नसतो. जुन्यांनो, हे विचारायला लाज वाटते हो नव्याला, तुम्हीच आधी विचारा. आणि रिपीटरवर समोरच्याचं संपलं की लगेच बटण दाबू नका, दोन सेकंद मोकळी सोडा, कुणाला मध्ये यायचं असेल तर त्याला फट मिळते. ही फट नसली की दोन मित्रांच्या गप्पा तासभर चालतात आणि तिसरा नुसता बाहेर उभा.

सोसायटी आणि अँटेना

हे खरं युद्ध. पुण्यात रेडिओपेक्षा सेक्रेटरी अवघड. मी स्वतः पहिल्यांदा चुकलो, न विचारता वर गेलो आणि वायर बांधून आलो, दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर सुवाच्य अक्षरात सूचना, "गच्चीवर अनोळखी वस्तू लावल्याचे निदर्शनास आले आहे". माझ्याच वायरला अनोळखी वस्तू.

मग रीतसर गेलो. लायसन्सची झेरॉक्स, एक पत्र, आणि संध्याकाळची वेळ, दुपारी एक ते चार अजिबात नाही.

"टॉवर आहे का हा?"

"नाही काका, वायर आहे, कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी."

"रेडिएशन?"

"तुमच्या खिशातला मोबाईल दिवसभर चालू असतो, मी आठवड्याला दोनतीन तास बोलतो."

"आणि आमच्या टीव्हीत काही आलं तर?"

"तर मला फोन करा, मी त्या क्षणी बंद करतो आणि माझ्या खर्चाने तुमच्या वायरला फेराइट, म्हणजे खरखर अडवणारी कडी, लावून देतो."

हे शेवटचं वाक्य कामाचं, ते लेखी द्या. वाद घालू नका, कायदा सांगू नका, जबाबदारी घ्या. परवानगी मिळाली.

४० मीटर बँडचा साधा डायपोल, म्हणजे दोन तंगड्यांची वायरची अँटेना, लावायचा तर ७.१ मेगाहर्ट्झला एकूण वीस मीटर वायर, दहा दहाच्या दोन तंगड्या, मधला भाग पाण्याच्या टाकीवर पाइपला आणि दोन्ही टोकं उतरती कठड्याकडे. टोकं हाताला लागणार नाहीत अशी बांधा कारण तिथे व्होल्टेज जास्त असतं, आणि लाल चिंधी बांधा. चिंधी का, तर एकदा माझा एसडब्ल्यूआर (अँटेना नीट जुळलीय का ते सांगणारा आकडा, एकच्या जवळ तितका बरा) सकाळी चांगला दीडच्या खाली आणि दुपारी एकदम तीनच्या वर, मी तासभर कनेक्टर तपासले, सोल्डरिंग परत केलं, शेवटी वर जाऊन बघतो तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची डबलबेडची ओली चादर.

केबलबद्दल एकच सांगतो कारण सगळे इथेच पैसे वाचवतात. सहाव्या मजल्यावरून गच्चीपर्यंत ३० मीटर आरजी-५८ टाकलीत तर दोन मीटर बँडवर साधारण सहा डेसिबल जातात, म्हणजे तुमच्या पाच वॅटपैकी वर अँटेनात जेमतेम सव्वा वॅट पोचतो, बाकी केबल गरम करण्यात. एचएफला, म्हणजे ४० मीटरसारख्या खालच्या फ्रिक्वेन्सीच्या बँडला, तेवढं जाणवत नाही, व्हीएचएफला जाडजूड आरजी-२१३ घ्या किंवा सरळ हॅंडी घेऊन गच्चीत जा.

टेपची यागी, सगळ्यांनी मिळून

पुण्यात सामानाची अडचण नाही. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापासून तपकीर गल्लीत शिरलात की कनेक्टर, केबल, सोल्डर सगळं, आणि जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी तुटके मोजायचे टेप ढिगाने. हा तुटका टेपच आपल्याला हवाय.

तीन एलिमेंटची दोन मीटरची यागी, म्हणजे एकाच दिशेला जोर लावणारी अँटेना, पीव्हीसी पाइपवर स्टीलचा टेप. मागचा रिफ्लेक्टर १०५ सेंटीमीटर, मधला ड्रिव्हन, म्हणजे केबल जोडायचा तो, दोन तुकड्यांत ४५-४५, मध्ये अडीच सेंटीमीटरची फट, पुढचा डायरेक्टर ८९. रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन २० सेंटीमीटर, ड्रिव्हन ते डायरेक्टर ३२. फटीवर साधारण साडेबारा सेंटीमीटर जाड वायरचा यू आकाराचा तुकडा दोन्ही बाजूंना सोल्डर करायचा, मॅचिंगसाठी, आणि तिथेच केबल. टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा नाहीतर सोल्डर धरतच नाही, हे मी न सांगता कुणी करत नाही आणि मग अर्धा तास सोल्डर मणी होऊन घरंगळत राहतं. तीन मीटरचा टेप काठावर पुरतो, एक चूक झाली की गेला, पाचचाच घ्या. कडा धारदार असतात, टोकांना चिकटपट्टी.

ही अँटेना घरी एकट्याने बनवता येते. पण बनवू नका. चार जणांना बोलवा, एकाच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी, सामान एकत्र आणा, वर्गणी काढा. ज्याने आयुष्यात सोल्डरिंग आयर्न धरलं नाही त्याच्या हातात पहिलं द्या. रेडिओवर सगळेच ओएम, म्हणजे ओल्ड मॅन, पण पार्किंगमध्ये पोह्यांची प्लेट हातात आली की कुणी काका होतं, कुणी ताई, कुणी आपला शेजारीच निघतो. दोन तासांत जेवढी ओळख होते तेवढी सहा महिने कॉलसाईन बोलून होत नाही.

आठवड्याचं नेट, आणि ते चालवायचं कसं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळं यावरच उभं आहे.

नेट म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी जमायचं आणि एक जण हजेरी घेणार, तो नेट कंट्रोल. आठवड्यातून एकदाच ठेवा, रोजचं ठेवलं की पंधरा दिवसांत मोडतं. रात्री साडेनऊ बरी वेळ, जेवणं झालेली असतात. अर्धा तास, जास्त नाही. गणपतीत दहा दिवस नेट ठेवून उपयोग नाही, ढोलपथकात निम्मे जण आणि उरलेल्यांच्या गल्लीत स्पीकर, तेव्हा सरळ सुट्टी जाहीर करा, पण सुट्टीनंतरची तारीख आधीच सांगा.

सुरुवात साधारण अशी करा, मराठीत, "सर्व स्टेशन्सना नमस्कार, हे आपलं शनिवारचं नेट, नेट कंट्रोल", मग स्वतःचा कॉलसाईन सावकाश, फोनेटिक्समध्ये (अल्फा, ब्राव्हो असे अक्षरांचे ठरलेले शब्द), आणि आपण कुठून बोलतोय. "कुणाकडे तातडीचा निरोप आहे का?" इथे दहा सेकंद खरंच गप्प बसा. मग पुढची ओळ, जी बहुतेक ठिकाणी शेवटी येते आणि ती पहिली यायला हवी, "आज पहिल्यांदा येणारं कुणी आहे का, आवाज कसाही असू दे, चुकलं तरी चालेल, या." परत दहा सेकंद. मग चालत्या गाडीतले आणि हॅंडीवाले, कारण त्यांची बॅटरी आणि जागा दोन्ही टिकत नाहीत. घरात आरामात बसलेले ज्येष्ठ सगळ्यात शेवटी. ज्येष्ठांना सुरुवातीला हे आवडत नाही. दोन आठवड्यांनी सवय होते.

नवा माणूस आला की त्याचा कॉलसाईन परत म्हणून दाखवा, बरोबर लिहिलाय ना विचारा, आणि खरा रिपोर्ट द्या. सगळ्यांना ५९ वाटत सुटू नका (पहिला आकडा शब्द किती कळतात ते, पाचपैकी, दुसरा सिग्नल किती जोरात ते, नऊपैकी). तो खरखरीत येत असेल तर "४३ येताय, शब्द तुटतायत, जरा खिडकीकडे सरका" असं सांगा, सरकला आणि ५७ झाला की त्याला जो आनंद होतो तो मी ऐकलाय, एक कॉलेजची मुलगी हॉस्टेलच्या जिन्यात जाऊन "आता? आता?" विचारत होती आणि सगळं नेट तिच्यासाठी थांबलं होतं. तिला नंतर तीन जणांनी स्वतःहून कॉल केला. तिला मॅडम मॅडम करून वेगळं बसवायचं नाही, बाकीच्यांसारखंच तिला पुढच्या वेळी काम द्यायचं.

काम द्यायचं म्हणजे नेट कंट्रोल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नव्या माणसाला कंट्रोलला बसवा, एक अनुभवी मागे ठेवा, जो बोलणार नाही पण सुटलेले कॉलसाईन लिहून घेईल आणि शेवटी म्हणेल "दोन स्टेशन्स राहिलीत". नव्याचा घाम निघतो. पण जो एकदा पंधरा जणांची हजेरी घेतो तो नंतर हाक मारायला घाबरत नाही.

दर आठवड्याला एक छोटा विषय द्या, दोन मिनिटं प्रत्येकी, "आज कोणती बॅटरी वापरताय", "तुमचा पहिला संपर्क कोणाशी झाला". हवापाण्यावर सोडलं की "इकडे ठीक, तिकडे कसं" यापुढे गाडी जात नाही. राजकारण, धर्म, धंद्याच्या गोष्टी नियमातही बसत नाहीत आणि नेटही मोडतं. पुण्यात फौजेतून निवृत्त झालेले, बाहेरच्या राज्यांतून आलेले बरेच असतात, कुणी हिंदीत बोललं तर उत्तर हिंदीत द्या, त्यात काय. कॉलसाईन मात्र फोनेटिक्समध्येच, "पी फॉर पुणे" आपल्याला गोड वाटतं पण गोंगाटात पापाच ऐकू जातो.

आणि नेट नसताना? कुणी हाक मारली आणि तुम्ही ऐकली तर बटण दाबा. जेवताय, भाजी चिरताय, तरी कॉलसाईन म्हणा आणि "ऐकू येताय, आत्ता घाईत आहे, रात्री बोलू" एवढं सांगा. मला पंधरा दिवस ऐकत बसलेल्या त्या काकांवर मी इतका रागावलो होतो, आणि दोन वर्षांनी एक नवा व्हीयू३ दोन संध्याकाळी हाका मारत होता, मी ऐकत होतो, क्रिकेट चालू होतं, म्हटलं कुणीतरी देईल उत्तर. कुणी दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तो आला नाही, नंतरही नाही, आणि मी त्याचा कॉलसाईन लिहून घेतला नव्हता.

शहराच्या बाहेर

व्हीएचएफने जिल्हा जोडला जात नाही, डोंगर आडवे येतात. त्यासाठी ४० मीटर. दिवसा हा बँड जवळजवळ सरळ वर जाऊन परत खाली पडतो, त्यामुळे सातारा, कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर सकाळी सहज येतात, मधल्या घाटांचा संबंधच राहत नाही. अँटेना फार उंच नको, चारपाच मजली इमारतीची गच्ची भरपूर. तालुक्याच्या गावी एकटाच हॅम असतो, त्याला ना रिपीटर ना मित्र, त्याच्यासाठी रविवारी सकाळी ४० मीटरवर अर्धा तास राखून ठेवा. आणि गावी जाता तेव्हा त्याच्याकडे चहाला जा. आयबॉल म्हणतात याला आपल्यात, समोरासमोर भेट.

नारायणगाव, जुन्नरकडे रेडिओ घेऊन जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशा, आणि ती दुर्बीण ज्या फ्रिक्वेन्सी ऐकते त्यात आपल्या हॅंडीचे दोन्ही बँड, दोन मीटर आणि ७० सेंटीमीटर, येतात. तिथे मोबाईलसुद्धा बंद करायला लावतात. तेव्हा त्या परिसरात ट्रान्समिट नाही. पण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास जीएमआरटी लोकांसाठी खुली असते, शाळांची प्रदर्शनं असतात, गर्दी प्रचंड. तिथे रेडिओ बंद ठेवून जा आणि पोरांशी बोला.

माणसं आणायची कुठून

पोस्टर, पत्रकं यांनी येतात पण टिकत नाहीत. टिकतात ती स्वतः काहीतरी ऐकलेली. आयएसएस, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, ४०० किलोमीटरवरून जातं, दीड तासात एक फेरी, आणि त्याचा हॅमचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो, आपण बनवलेली टेपची यागी घेऊन टेकडीवर चारपाच मुलांना उभं करा. पास, म्हणजे आपल्या आकाशातून एकदा जाणं, जास्तीत जास्त दहा मिनिटांचा, आधी ॲपवर वेळ बघा, एकाने अँटेना फिरवायची, एकाने रेकॉर्ड करायचं. कधी चित्रं पाठवतात, एसएसटीव्ही, ती मोबाईलच्या ॲपवर ओळीओळीने उमटतात. कधी काहीच येत नाही, तेव्हा वडापाव.

पुण्यातल्या मुलांना "स्वयम्" सांगाच. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला एक किलोच्या आतला उपग्रह, २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ ने गेला, एकूण २० उपग्रहांत एक हा, आणि त्याचं काम होतं हॅम बँडवर निरोप घ्यायचे आणि परत द्यायचे. शिवाजीनगरच्या कॉलेजातल्या पोरांनी केलं म्हटल्यावर कोथरूडच्या पोरांचे डोळे वेगळे होतात.

दुसरं फॉक्स हंट. एक छोटा ट्रान्समीटर तळजाईच्या झाडीत लपवायचा आणि शोधायचा. यागी नसली तरी चालतं, हॅंडी छातीला चिकटवून जागेवर गोल फिरा, आवाज सगळ्यात कमी येतो तेव्हा ट्रान्समीटर तुमच्या पाठीमागे, कारण मध्ये तुम्हीच आडवे. फार जवळ आलात की सगळीकडून जोरात येतं, मग तिप्पट फ्रिक्वेन्सीवर ऐका, १४५.५ चा असेल तर ४३६.५, तिथे हलका येतो आणि दिशा सापडते. घरचे सगळे येऊ शकतात, लायसन्स नको कारण नुसतं ऐकायचंय, हॅंडी फक्त परवानाधारकाच्या ताब्यात ठेवा म्हणजे झालं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी स्काउटचा जोटा, म्हणजे रेडिओवरचा मेळावा, असतो, शाळेत स्टेशन लावायला तीच वेळ धरा. आणि परीक्षेला बसणाऱ्यांचा एक छोटा गट करा, रेडिओ थिअरी आणि नियम असे दोन भाग, रविवारी दोन तास, आठदहा रविवार. शिकवायला सगळ्यात नवा पास झालेला माणूस ठेवा, त्याला कुठे अडलं होतं ते ताजं आठवतं.

आपत्तीची तयारी

हॅम म्हटलं की आपत्ती हा शब्द येतोच, आणि नव्यांना जॅकेट, आयकार्ड, दिवा लावलेली गाडी हे सगळं फार आकर्षक वाटतं. सुनामीचं उदाहरण सगळे देतात, २६ डिसेंबर २००४ ला हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात होते. पण का होते ते फारसं कुणी सांगत नाही. बऱ्याच वर्षांनी परवानगी मिळाली म्हणून जगभरच्या हॅम्सशी गप्पा मारायला गेले होते, पोर्ट ब्लेअरला स्टेशन आधीच लागलेलं, अँटेना वर, माणसं हाताशी, म्हणून त्या सकाळी निरोप जाऊ शकले.

पुण्याला पाणी नवीन नाही, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर घरोघरी माहीत आहे आणि जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं. सराव असा करा, एक निरोप २५ शब्दांत लिहा, "निवारा शाळा क्रमांक अमुक, ४० माणसं, १२ मुलं, पिण्याचं पाणी आणि २० चादरी हव्यात", तो पर्वतीवरून तिघांच्या तोंडून सासवडला पोचवा, आणि तिथे काय पोचलं ते वाचून बघा. आमच्या पहिल्या सरावात २० चादरींच्या २० भाकरी झाल्या. म्हणून लिहून घ्यायचं, परत वाचून दाखवायचं, शब्द मोजायचे. प्रशासनाने बोलावल्याशिवाय घटनास्थळी धावायचं नाही, आधी ओळख करून ठेवायची, पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये. वारीत मदत करायची इच्छा असली तरी दिवे घाट आधी रिकाम्या दिवशी चढून बघा.

पैसे आणि भांडणं

रिपीटर फुकट चालत नाही. बॅटरी मरते, डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ऐकणं आणि बोलणं वेगळं ठेवणारा डबा) सरकतो, वीज पडते, आणि त्याचं वेगळं लायसन्स असतं. वर्षाची वर्गणी ठेवा, हिशोब सगळ्यांना दिसेल असा, पाचशे रुपयांचाही. क्लब फुटतात ते बहुतेक पैशांनी नाही, मोठेपणाने, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. दोन गट झालेच तर नेटवर त्याचा उल्लेख नको. नव्या माणसाला दोन्हीकडे जाऊ द्या.

हजेरीची वही

नेटच्या हजेरीची वही ठेवा, साधी शंभरपानी. कोण आलं, कसं ऐकू आलं. सलग तीन शनिवार कुणी दिसलं नाही तर फोन करा, ग्रुपवर मेसेज टाकू नका, फोन. कारणं फार साधी असतात, पोराची परीक्षा, नाइट शिफ्ट, रंगकाम करणाऱ्यांनी अँटेना उतरवून ठेवली ती परत चढवायला कुणी नाही. वारज्याच्या एकाला असाच फोन केला तर म्हणाला, "अहो अँटेना वाऱ्याने फिरलीय, कनेक्टर पण गेलाय, बघू सवडीने." ती सवड कधी येत नसते. रविवारी आम्ही दोघं गेलो, पाऊण तासाचं काम, त्याच्या आईने उपमा केला होता, त्या शनिवारी तो नेटवर होता. जाताना १० आणि १३ नंबरचे पाने घेऊन जा, यू-क्लॅम्पला लागतात आणि ज्याची अँटेना पडलीय त्याच्याकडे कधीच नसतात.